नाव, कूळ आणि कथा : हायडा मौखिक साहित्याच्या वाचनाचा प्रश्न

‘लोकसाहित्य’ या संज्ञेत एक गृहीतक दडलेले असते : कथा सर्वांची असते, म्हणूनच ती कोणा एकाची नसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हायडा ग्वाय या द्वीपसमूहातील मौखिक साहित्य हे गृहीतक दोन्ही बाजूंनी मोडून काढते. येथे कथेला कथनकार आहे आणि मालकही आहे. मात्र ते एकच असतील असे नाही.

१८६२ च्या देवीच्या साथीने हायडा समाजाचा मोठा भाग नष्ट झाला. उरलेले लोक हळूहळू स्किडगेट आणि मॅसेट या गावांत एकवटले. १९०० साली अमेरिकन अभ्यासक जॉन स्वॉन्टन तेथे पोहोचले. कथनकार सांगत, हेन्री मूडी हे हायडा सहायक प्रत्येक वाक्य सावकाश पुन्हा उच्चारीत आणि स्वॉन्टन ते मूळ भाषेत लिहून घेत. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या स्किडगेट बोलीतील संहितांत त्यांनी कथनकाराच्या नावाबरोबर त्याचे कूळही नोंदविले. पुढील वाचकांनी मात्र या कथांकडे बव्हंशी आशयबीजांचे भांडार म्हणूनच पाहिले.

रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या १९९९ च्या ग्रंथाने ही उपेक्षा दूर केली. स्काय आणि अंध कथनकार घांडल हे स्वतंत्र शैली असलेले कवी आहेत, हे त्यांनी रचनेच्या सूक्ष्म विश्लेषणातून दाखविले. हे कार्य मोलाचे आहे. परंतु या अनुवादांसाठी समाजाची संमती घेतली होती काय, हा प्रश्न काही हायडा व्यक्तींनी उपस्थित केला. हा आक्षेप केवळ शिष्टाचाराचा मानून बाजूला सारता येत नाही. तो साहित्यविचाराचाही आहे. हायडा समाज डोमकावळा आणि गरुड या दोन मातृवंशीय अर्धकांत विभागलेला असून विवाह नेहमी दुसऱ्या अर्धकात होतो. प्रत्येक कुळाची चिन्हे, नावे, गीते आणि कथा ही त्याची मालमत्ता असते. देवकाच्या कल्पनेने मराठी वाचकास याचा काहीसा अंदाज येईल. पण देवक ही मालमत्ता नव्हे. हायडा कुलचिन्ह देवदाराच्या स्तंभावर कोरले जाते आणि पॉटलॅचच्या दानसमारंभात साक्षीदारांसमोर त्यावरील हक्क सिद्ध केला जातो. कॅनडाच्या सरकारने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर बंदी घातली, तेव्हा या हक्काचे व्यासपीठच हिरावले गेले. अशा समाजातील कथनकाराला ‘कवी’ म्हणणे योग्यच आहे. पण एवढेच म्हणून थांबणे अपुरे आहे.

घांडल यांनी सांगितलेल्या रानहंस-स्त्रीच्या कथेवरून हे स्पष्ट होईल. वडिलांच्या गावी पक्ष्यांची शिकार करणारा एक तरुण रानहंस-स्त्रीशी विवाह करतो. दुष्काळात तिच्या माहेरचे लोक अन्न पाठवितात. त्या अन्नाविषयी गावातील कोणीतरी हिणवून बोलतो आणि ती उडून जाते. तिच्या शोधात तरुण आकाशापर्यंत पोहोचतो. अखेरीस मात्र तो समुद्रपक्षी होऊन उरतो. शतपथ ब्राह्मणातील पुरूरवा-उर्वशीच्या आख्यानातही अप्सरा जलपक्ष्यांच्या रूपात भेटतात, त्यामुळे तौलनिक अभ्यासकाला हे आशयसूत्र परिचित वाटेल. गॅरी स्नायडर यांनी १९५१ च्या आपल्या प्रबंधात याच कथेची अनेक अंगांनी चिकित्सा केली.

परंतु साम्य सांगून झाल्यावर वेगळेपण उरते. उर्वशीच्या कथेत विवाहाची अट मोडते. येथे अन्नाचा अपमान होतो. सामन आणि हॅलिबट वाळवून हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या समाजात सासरकडून आलेले अन्न हे दोन अर्धकांमधील देवघेवीचे बंधन असते. ते हिणवणे म्हणजे नातेच नाकारणे होय. ‘वडिलांचे गाव’ हा तपशीलही अर्थपूर्ण ठरतो. रीतीनुसार मुलगा वयात येऊ लागला की मामाच्या घरी जाई, कारण त्याचा वारसा तेथे असे. वडिलांच्या गावी राहिलेला हा तरुण आपल्या वारशापर्यंत पोहोचलेलाच नाही, असे वाचता येते. मग दोन्ही जगांच्या सीमेवर उरणारा त्याचा शेवट केवळ अद्भुत राहत नाही. हा तपशील निवडून योग्य जागी ठेवणे हे घांडल यांचे कर्तृत्व. त्याला अर्थ पुरविते ती कुळाची व्यवस्था.

म्हणून ‘अनामिक लोक’ आणि ‘एकाकी प्रतिभावंत’ ही दोन्ही प्रारूपे येथे अपुरी ठरतात. हा प्रश्न भूतकाळापुरता नाही. हायडा भाषा अस्खलित बोलणारे आज फार थोडे उरले असले, तरी २०१८ साली संपूर्णपणे हायडा भाषेत चित्रपट निर्माण झाला आणि २०२४ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हायडा ग्वायच्या भूमीवरील हायडांचा हक्क मान्य केला. भूमीच्या मालकाला कथेचा मालक म्हणून ओळखणे हे आता तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे. अनुवादकाने कथनकाराचे नाव जपावेच. त्या नावापुढील कूळ गाळण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.