सामोअन गान आणि ‘पारंपरिक’ या शब्दाची कसोटी

एखाद्या दूरस्थ समाजाच्या संगीताचा अभ्यास करताना ‘पारंपरिक’ हे विशेषण आपण इतक्या सहजतेने योजतो, की त्याने नेमके काय सिद्ध होते हे तपासण्याचे भान बहुधा उरत नाही. प्रचलित पद्धती अशी : प्रथम वाद्यांची यादी करावयाची, नंतर युरोपीय संपर्काचे वर्ष निश्चित करावयाचे, आणि त्या वर्षापूर्वीचे ते पारंपरिक व नंतरचे ते परकीय प्रभावाचे, असा निवाडा द्यावयाचा. पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपसमूहाच्या बाबतीत ही पद्धती कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. ही पद्धती ग्राह्य मानली, तर आज सामोअन माणसे जे गातात त्यांपैकी फार मोठा भाग त्यांचा स्वतःचा नव्हे, असे म्हणण्याची आपत्ती ओढवते.

सव्हाई व उपोलू ही प्रमुख बेटे असलेले सामोआ राष्ट्र १ जानेवारी १९६२ रोजी न्यूझीलंडच्या प्रशासनातून मुक्त झाले. तुतुइला, मानूआ इत्यादी पूर्वेकडील बेटे अमेरिकेच्या आधिपत्याखाली आहेत. राज्यव्यवस्था दोन असल्या, तरी भाषा आणि लोकाचार एकच. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स हे १८३० मध्ये सव्हाई बेटावरील सापापालीई येथे उतरले. अभ्यासकांची सीमारेषा सामान्यतः हीच. या संगीताच्या अभ्यासात रिचर्ड मॉइल यांचे कार्य मूलभूत आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी क्षेत्रकार्य केले. कथांचा ‘फाङोङो’ हा संग्रह १९८१ मध्ये आणि ‘ट्रॅडिशनल सामोअन म्युझिक’ हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील विवेचन या कार्याच्या विरोधात नाही. अशा ग्रंथांचे शीर्षक वाचून वाचकाच्या मनात जी विभागणी आपोआप रुजते, तिच्याविषयी आहे. (सामोअन लेखनात रोमन ‘जी’ हे अक्षर कंठ्य अनुनासिकाचे निदर्शक असल्यामुळे येथे ‘ङ’ योजिला आहे.)

वाद्यांपासूनच आरंभ करू. सामोअन नृत्याचे चित्र डोळ्यांसमोर आणताच ‘पाते’ हे लाकडी वाद्य आठवते : ओंडका आतून कोरून व वर लांब चीर ठेवून केलेले, काठ्यांनी वाजविले जाणारे. आजच्या ‘सासा’ या बैठ्या समूहनृत्याची सर्व हालचाल त्याच्या आघातांवर चालते. परंतु हे पाते ताहितीकडून आले आणि ते आणण्यात मिशनकार्याबरोबर आलेल्या शिक्षकांचा वाटा होता, असे सामान्यतः मानले जाते. त्याच जातीचे अधिक मोठे ‘लाली’ हे वाद्य फिजीत त्याच नावाने आढळते. सर्वांत मोठ्या ‘लोङो’चा उपयोग तर लोकांना चर्चमध्ये पाचारण करण्यासाठी होत आला. याउलट नाकाने वाजवावयाची ‘फाङुफाङु’ ही बासरी निःसंशय जुनी, पण ती प्रचारातून जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे सीमारेषेचा नियम काटेकोरपणे लावला, तर सर्वांत ‘सामोअन’ वाटणारे वाद्य बाहेर जाते, आणि आत उरते ते कोणी वाजवीत नाही असे वाद्य.

यावरून एवढेच दिसते, की या संगीताचे मर्म वाद्यांत शोधणे व्यर्थ आहे. गुंडाळलेल्या चटईवर काठ्यांनी ताल धरणे आणि तळहातांनी टाळ्या देणे, ही जुनी साथ आजही पुरेशी ठरते. टाळीतही सपाट तळव्यांची ‘पाति’ आणि पोकळ तळव्यांची ‘पो’ असा तीव्र-मंद नादाचा भेद केलेला आहे. पुरुषांच्या ‘फाआताउपाति’ नृत्यात तर नर्तकाचे शरीर हेच वाद्य होते. साथीची सामग्री इतकी अल्प असताना संगीताचा भार जो वाहतो, तो शब्द.

या ठिकाणी भाषेची साक्ष उपयोगी पडते. ‘पेसे’ म्हणजे गाणे, ‘सिवा’ म्हणजे नृत्य, ‘सोलो’ म्हणजे पठणाने सादर होणारे काव्य. या सर्वांना कवेत घेणारा ‘मुसिका’ हा शब्द इंग्रजीवरून आलेला आहे. रात्री घरात सांगितल्या जाणाऱ्या ‘फाङोङो’ कथेत मधूनमधून जो गेय भाग येतो, त्याला ‘ताङि’ म्हणतात. आणि ताङि या शब्दाचा नेहमीचा अर्थ रडणे, पक्ष्याचे ओरडणे असा आहे. कथेतील पात्र जेव्हा कोणाला साद घालते, विनविते किंवा शोक करते, तेव्हा निवेदक गद्य सोडून गाऊ लागतो. गाणे येथे कथेचा अलंकार नाही. ते पात्राचे कृत्य आहे.

गाण्यातील शब्दाला केवढे सामर्थ्य कल्पिलेले आहे, याचे उदाहरण गोंदणकलेच्या आख्यायिकेत मिळते. ताएमा आणि तिलाफाइङा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदणाची सामग्री घेऊन पोहत निघाल्या. स्त्रियांनी गोंदवावे, पुरुषांनी नव्हे, असा त्यांना मिळालेला आदेश त्या गाण्याच्या रूपाने म्हणत येत होत्या. वाटेत त्यांनी पाण्यात बुडी मारली, आणि वर आल्यावर गाणे उलटे झाले. म्हणून सामोआत कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचे दाट गोंदण पुरुषाला प्राप्त झाले. या कथेचा ऐतिहासिक खरेपणा येथे अप्रस्तुत आहे. लक्षणीय गोष्ट ही, की मूळ आदेश काय होता हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही पाळला जातो तो किनाऱ्यावर पोहोचलेला पाठ. प्रामाण्य उगमाला नाही. ज्या स्वरूपात गाणे समाजाच्या हाती आले त्या स्वरूपाला आहे. परंपरेविषयीचा हा सामोअन दृष्टिकोन आपल्या सीमारेषेच्या पद्धतीशी थेट विसंगत आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा पुरावा ध्वनिव्यवस्थेत मिळतो. सामोअन भाषेत उच्चाराचे दोन प्रकार सर्वश्रुत आहेत. ‘ताउताला लेलेइ’, म्हणजे चांगले बोलणे, यात ‘त’ व ‘न’ हे ध्वनी राहतात. ‘ताउताला लेआङा’, म्हणजे वाईट बोलणे, यात त्यांच्या जागी अनुक्रमे ‘क’ व ‘ङ’ येतात. दुसऱ्या प्रकाराचे नाव निंदाव्यंजक असले, तरी तो अशिष्टांचा उच्चार नव्हे. घरातील संभाषण त्यातच चालते. एवढेच नव्हे, तर गावाच्या ‘फोनो’ सभेत मताई, म्हणजे उपाधिधारक कुलप्रमुख, जी औपचारिक भाषणे करतात तीही ‘क’काराचीच असतात. प्रार्थना, बायबलचे वाचन, शाळा आणि गाणे यांत मात्र ‘त’कार येतो.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : ‘त’ हा मिशनऱ्यांचा, पुस्तकी आणि परका, ‘क’ हा सभेतला, अस्सल आणि जुना, अर्थात ‘त’काराने गायिलेले गाणे चर्चच्या छायेत गेलेले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेखनपद्धती ठरविली, तेव्हा त्यांनी ऐकला तो ‘त’च. ‘क’काराचा प्रसार त्यानंतर, त्याच शतकात झाला, आणि ज्यांच्या कोशव्याकरणाची पहिली आवृत्ती १८६२ मध्ये निघाली, त्या जॉर्ज प्रॅट यांनी या बदलाची खेदपूर्वक नोंद केली. तेव्हा स्तोत्र गाणारा समूह, निदान या एका बाबतीत, फोनोतील वक्त्यापेक्षा जुने रूप जपतो. सर्वांत देशी मानलेल्या प्रसंगी नवा ध्वनी आणि सर्वांत परकीय मानलेल्या प्रसंगी जुना ध्वनी, अशी ही स्थिती आहे. प्राचीनता आणि देशीयता या दोन कसोट्या एकच आहेत, हे गृहीतक येथे कोसळते.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो रास्त आहे. चर्चने काही नष्ट केले नाही काय? अवश्य केले. ‘पोउला’ नावाच्या रात्रीच्या नृत्योत्सवांना मिशनऱ्यांनी कडवा विरोध केला आणि ते बंद पडत गेले. त्यांबरोबर शृंगार, विनोद आणि उपहास यांची गाणी किती गेली, याची मोजदाद कोणीही करू शकणार नाही. परिवर्तनाला सातत्य म्हणताना ही हानी झाकली जाऊ नये. तथापि हानी झाली म्हणून उरलेले सर्व परके ठरते, असे नाही. संध्याकाळी शंखाने, घंटेने किंवा टांगलेल्या रिकाम्या गॅस-सिलिंडरवर ठोके देऊन ‘सा’ची वेळ जाहीर होते, गावातील वर्दळ थांबते आणि घराघरांतून स्तोत्र ऐकू येते. त्या वेळी कुटुंब, कुटुंबप्रमुख आणि गाव यांचे जे संबंध गाण्यातून प्रकट होतात, ते कोणत्याही जहाजातून आलेले नाहीत.

हेच ‘ताउआलुङा’ या समारोपाच्या नृत्याविषयी. हा शब्द गृहबांधणीतील आहे. छपराच्या माथ्यावरील अखेरचे काम, म्हणजे कार्याची परिपूर्ती, असा त्याचा अर्थ. उच्चपदस्थ कुलाची कन्या, ‘ताउपोउ’, ‘तुइङा’ हा शिरोभूषणाचा साज लेवून संथ, संयत हस्तविक्षेप करीत नाचते. तिच्याभोवती इतर जण मुद्दाम वेडावाकडा, भुईवर लोळण घेणारा नाच करतात, तो तिचा मान वाढविण्यासाठी. साथीला आज गिटार असते, विद्युत वाद्ये असतात. परंतु कोणी नाचावयाचे, केव्हा नाचावयाचे आणि भोवती कोणी स्वतःला लहान करावयाचे, हे नियम गिटारीने बदललेले नाहीत. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ८२ हजार सामोअन राहतात. ऑकलंडमध्ये १९७६ पासून भरणाऱ्या शालेय पॉलिनेशियन महोत्सवातही ताउआलुङा होतो. स्थळ, वाद्य आणि प्रेक्षक बदलूनही तो शेवटीच येतो, हे अर्थपूर्ण आहे.

अखेरीस एका चित्रपटाचा उल्लेख आवश्यक वाटतो. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘मोआना’ (१९२६) हा मूकपट सव्हाईवरील साफुने येथे चित्रित झाला. त्यातील माणसांना त्या काळी मागे पडलेला जुना वेष मुद्दाम परिधान करावयास लावला होता. पुढे दिग्दर्शकाची कन्या मोनिका फ्लाहर्टी यांनी १९७५ मध्ये सामोआत जाऊन संवाद, गाणी आणि परिसरातील ध्वनी मुद्रित केले व ते या चित्रांना जोडून १९८० मध्ये नवी आवृत्ती सिद्ध केली. अर्धशतकापूर्वीच्या ओठांवर नंतरच्या पिढीचा आवाज, म्हणून या आवृत्तीला बनावट म्हणता येईल. आणि सामोआत पन्नास वर्षांत काही बदललेच नाही असा भास तिने होतो, हा दोष खराच. परंतु मूळ चित्रही पुनर्रचितच होते. शिवाय त्या प्रसंगांना साजेसे गाणे सामोअन माणसांनी पन्नास वर्षांनंतरही स्वतःच्या कंठातून पुरविले, हे विसरून चालणार नाही.

तात्पर्य, सामोअन संगीताबाबत ‘पारंपरिक’ हा शब्द कालवाचक न मानता संबंधवाचक मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एखादे गाणे १८३० पूर्वीचे आहे काय, हा प्रश्न गौण होय. ते म्हणण्याचा अधिकार कोणाचा, ते कोणाला उद्देशून आहे, कोणत्या उच्चारात म्हणावयाचे आणि त्याने कोणाचा मान राखला जातो, हे प्रश्न प्रथम विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे संग्रहालयातील बासरीपेक्षा संध्याकाळच्या स्तोत्रात अधिक स्पष्टपणे मिळतात. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक सुरू करण्यापूर्वी, आपण काय मुद्रित करावयाचे नाही असे मनाशी ठरवून आलो आहोत, हे एकदा तपासून पाहावे. संशोधनातील बरीचशी हानी त्या ठरविण्यातच झालेली असते.