अटक, पंचनामा आणि प्रेक्षक : ‘अर्धसत्य’ व ‘कोर्ट’ यांच्या आधारे पोलीस-वर्तनविषयक चर्चेची समीक्षा

सारांश

रस्त्यावर वाहन अडविताना किंवा व्यक्तीस अटक करताना पोलिसांनी कसे वागावे, याविषयीची सार्वजनिक चर्चा आपल्याकडे बहुधा अधिकाऱ्याच्या स्वभावाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात ‘अर्धसत्य’ (१९८३) व ‘कोर्ट’ (२०१४) या दोन चित्रपटांच्या आधारे या चर्चेचे स्वरूप तपासले असून, स्वभावापेक्षा नोंदीचा प्रश्न अधिक मूलभूत आहे, अशी भूमिका मांडली आहे.

प्रस्तावना

मनमाड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. परंतु या गावाची दुसरी ओळख रस्त्याची आहे. पुणे-इंदूर मार्ग गावातून जातो आणि जवळच पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे इंधनसाठे आहेत. तेथून भरलेले टँकर राज्याच्या अनेक जिल्ह्यांत जातात. या परिसरातील दोन घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना पानेवाडीजवळ इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. भेसळीचा संशय आल्याने ते वाटेत थांबले होते. या हत्येच्या निषेधार्थ राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२४ च्या आरंभी, याच पानेवाडीच्या टँकरचालकांनी चाके थांबविली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती आणि देशभरातील चालकांप्रमाणे त्यांचाही तिला विरोध होता.

पहिल्या घटनेत रस्त्यावर थांबलेला अधिकारी एकटा पडला. दुसऱ्या घटनेत, रस्त्यावर थांबलो तर आपण एकटे पडू, हे चालकांचे भय होते. शासन आणि नागरिक यांची गाठ जेथे कार्यालयाच्या चार भिंतींबाहेर पडते, तेथे दोन्ही पक्ष असुरक्षित असतात, हे या घटना एकत्र वाचल्यावर ध्यानात येते. सार्वजनिक चर्चेत मात्र त्या एकत्र वाचल्या गेल्या नाहीत. पहिल्या वेळी अधिकारी सत्शील व टँकरवाले गुन्हेगार, दुसऱ्या वेळी चालक गरीब व यंत्रणा जुलमी, अशी मांडणी झाली. माणसांची विभागणी झाली, पण रस्त्यावरच्या त्या प्रसंगाची नियमबद्धता कोणी तपासली नाही.

चर्चेतील एक सुटलेला दुवा

चालकांचा मुख्य युक्तिवाद असा होता की, थांबल्यास जमाव मारतो आणि पळाल्यास कायदा मारतो. या युक्तिवादाची कित्येकांनी पळवाट म्हणून संभावना केली. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये अपघातग्रस्तास मदत करण्याचे कर्तव्य चालकावर टाकतानाच, जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसल्यास अपवाद मान्य केलेला आहे. म्हणजे विधिमंडळाला जमावाचे भय पूर्वीच ठाऊक होते. नव्या संहितेच्या कलमात मात्र या अपवादाचा उल्लेख नव्हता. चालकांशी चर्चा केल्याशिवाय ही तरतूद अमलात आणली जाणार नाही, असे केंद्र शासनाने तेव्हा सांगितले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम वगळून ती लागू झाली. चालकांना जे भय वाटत होते त्याला कायद्याचाच आधार होता. तरीही चर्चा ‘ड्रायव्हर लोक असेच असतात’ आणि ‘पोलीस असेच असतात’ या दोन वाक्यांमध्येच अडकून राहिली. ही सवय कोठून आली, हे पाहण्यासाठी आपल्या कलाकृतींकडे वळणे उपयुक्त ठरेल.

‘अर्धसत्य’ : स्वभावाची शोकांतिका

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ हिंदीत असला तरी त्याचा पिंड मराठी आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद आणि दिलीप चित्रे यांची कविता यांतून तो घडला आहे. उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) हा हवालदाराचा मुलगा. पुढे शिकण्याची त्याची इच्छा वडिलांनी मोडून त्याला पोलीस खात्यात घातलेले असते. त्याची मैत्रीण ज्योत्स्ना (स्मिता पाटील) महाविद्यालयात साहित्य शिकविते. गुंडांना पकडावे आणि वरून आलेल्या दूरध्वनीने सोडावे लागावे, जिवावर उदार होऊन केलेल्या कामगिरीचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी पडावे, अशा अपमानांची साखळी वेलणकरला पोखरत जाते आणि दारूच्या नशेत तो एका किरकोळ चोराला कोठडीत मारून टाकतो.

या चित्रपटाचे मोठेपण निर्विवाद आहे. कोठडीतील हिंसा ही आकाशातून पडत नाही, ती घरातील हिंसेपासून राजकीय हस्तक्षेपापर्यंतच्या पायऱ्यांनी चढत येते, हे त्याने ज्या सामर्थ्याने दाखविले तसे त्यापूर्वीच्या लोकप्रिय चित्रपटात क्वचितच घडले होते. तथापि समीक्षकाने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. मेलेला तो चोर कोण होता? त्याचे घर, त्याचे नातलग, त्याची अटक कोणत्या वेळी व कोणासमक्ष नोंदली गेली, याविषयी चित्रपट जवळजवळ मौन पाळतो. कॅमेरा वेलणकरच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. मृत्यूचा प्रसंग पाहताना प्रेक्षकाला मृताची नव्हे, तर मारणाऱ्याची चिंता वाटू लागते. शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा गळा घोटतो आणि पोलीस ठाण्यात येऊन स्वाधीन होतो, तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते. ही सुटका कायद्याबाहेरची आहे. पटकथेला ती शोकांतिका म्हणून अभिप्रेत असावी, पण पुढील लोकप्रिय चित्रपटांनी तिच्यातली शोकांतिका गाळून केवळ हात उचलण्याची मुभा तेवढी घेतली.

या वारशाचे परिणाम पडद्यापुरते राहिले नाहीत. बदलापूर प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस वाहनातच गोळी लागून मरण पावला, तेव्हा राज्यात काही ठिकाणी पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आले, तोपर्यंत पेढे वाटणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे वळले होते. आरोपीवरील आरोप घृणास्पद होते, हे मान्यच आहे. परंतु आरोपाच्या घृणास्पदतेवरून पोलीस वाहनात काय घडले याचे उत्तर मिळत नाही. हा भेद करण्याची सवय प्रेक्षक म्हणून आपल्याला लागलेली नाही.

‘कोर्ट’ : कागदाची यंत्रणा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये हा भेदच केंद्रस्थानी आहे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा हा चित्रपट लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या अटकेने सुरू होतो. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. आरोप असा की, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. कार्यक्रम चालू असताना होणाऱ्या या अटकेत मारहाण नाही, शिवीगाळ नाही, आरडाओरडाही नाही. वेलणकरसारखा धगधगता अधिकारी तर मुळीच नाही.

आणि तरीही अन्याय घडतो. तो कागदातून घडतो. सरकारी साक्षीदार हा पोलिसांच्या इतर खटल्यांतही साक्षीदार असल्याचे बचावपक्षाचा वकील दाखवून देतो. मृत कामगाराची विधवा अगदी साध्या शब्दांत सांगते की, नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नव्हती आणि तो काम करण्यापूर्वी दारू पीत असे. आत्महत्येचा सिद्धान्त तिच्या उत्तरांनी कोसळतो. जामीन मिळतो आणि नंतर दुसऱ्या, अधिक कठोर कायद्याखाली पुन्हा अटक होते. कोणीही खलनायक नसताना एक म्हातारा माणूस तुरुंगात जातो.

‘कोर्ट’चीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. सरकारी वकील व न्यायाधीश यांच्या घरगुती जीवनाला चित्रपट जागा देतो, परंतु तपास करणाऱ्या पोलिसाला ती देत नाही. ठरीव साक्षीदार का लागतो, खऱ्या साक्षीदाराला न्यायालयाच्या किती फेऱ्या माराव्या लागतात आणि म्हणून तो पोलिसाला पाहून रस्ता का बदलतो, हा प्रश्न पोलिसाच्या बाजूने मांडला गेला असता तर चित्र पूर्ण झाले असते.

पंचनामा : एक दुर्लक्षित गद्यप्रकार

या दोन कलाकृतींच्या तुलनेतून एक सूत्र हाती येते. ‘अर्धसत्य’ पोलीस कसा आहे हे विचारतो, तर ‘कोर्ट’ पोलिसाने काय लिहिले हे विचारतो. दुसरा प्रश्न नीरस वाटतो, पण नागरिकाचे स्वातंत्र्य त्यावरच अवलंबून असते. मराठीत रोज मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जाणाऱ्या गद्यप्रकारांत पंचनाम्याचा समावेश करावा लागेल. त्याची भाषा ठरलेली, वाक्ये लांबलचक, कर्ता बहुधा अदृश्य आणि शेवटी मजकूर वाचून पाहिला व तो खरा आहे अशा अर्थाची ग्वाही. पंचाने तो खरोखर वाचला काय, हे त्या ग्वाहीवरून कळत नाही.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेले निर्देश या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट नामपट्टी असावी, अटकेच्या वेळीच वेळ व दिनांकासह मेमो तयार व्हावा, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची अथवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही असावी, नातलगास कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. यांत कोठेही पोलिसाने दयाळू असावे असे म्हटलेले नाही. स्वभाव बदलणे न्यायालयाच्या हाती नसते, नोंद मागणे असते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हेच सूत्र पुढे नेऊन, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक होती याची कारणे लिहिण्यास भाग पाडले.

आता हे निर्देश मनमाडच्या रस्त्यावर आणून पाहावेत. परप्रांतीय टँकरचालकाला रात्री महामार्गावर अटक झाली, तर त्याचे कुटुंब शेकडो मैल दूर असते. परिसरातील कोणतीही प्रतिष्ठित व्यक्ती त्याला ओळखत नाही. मेमोवर मग जवळच्या ढाब्यावरचा माणूस सही करतो किंवा ‘कोर्ट’मधल्यासारखा नेहमीचा पंच उपलब्ध होतो. मजकूर मराठीत असतो आणि सही करणाऱ्या चालकाला कदाचित ती लिपी वाचता येते, भाषा कळत नाही. नियमाचे अक्षर पाळले जाते आणि नियमाचा हेतू मात्र हरवतो.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचे मोल येथेच आहे. अटकेची कारणे सर्व प्रकारच्या गुन्ह्यांत लेखी आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, आणि तत्काळ देणे शक्य नसल्यास कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. हा निर्णय वरळी येथील जुलै २०२४ मधील अपघाताच्या प्रकरणातून आला. त्या अपघातात एका महागड्या मोटारीखाली कोळी कुटुंबातील स्त्रीचा मृत्यू झाला होता. धनिक आरोपीच्या वकिलांनी मागितलेले संरक्षण निर्धन चालकालाही तितकेच लागू आहे. मात्र धनिकाला ते वकील मिळवून देतो. चालकाला ते कोण मिळवून देणार, हा प्रश्न उरतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पोलीस-वर्तनाविषयीची आपली चर्चा अद्याप ‘अर्धसत्य’च्या प्रेक्षागृहात बसलेली आहे. चांगला पोलीस मिळाला तर टाळ्या आणि वाईट मिळाला तर संताप, या दोन्ही प्रतिक्रिया मेमोवरील वेळ, पंचाचे नाव व कारणांची भाषा यांकडे दुर्लक्ष करतात. नोंद काटेकोर असेल तर तिचा लाभ प्रामाणिक अधिकाऱ्यालाही होतो. वरून आलेल्या दूरध्वनीला उत्तर देताना हाती असलेला कागद हेच त्याचे बळ ठरू शकते. वेलणकरजवळ नेमके तेच नव्हते.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी यातून एक व्यवहार्य काम निघते. मराठीच्या वर्गात आपण कथा-कविता वाचतो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज व इतिवृत्त शिकवितो. त्याच तासिकेत पंचनामा आणि अटकेचा मेमो वाचावयास शिकविता येईल. कर्ता कोण, वेळ कोणती, साक्षीला कोण आणि कोणती गोष्ट लिहिलेली नाही, हे प्रश्न साहित्याचा विद्यार्थी संहितेला विचारीतच असतो. उद्या त्याचा भाऊ महामार्गावर अडविला गेला, किंवा तो स्वतः खाकी गणवेशात रस्त्यावर उभा राहिला, तर हेच प्रश्न त्याच्या कामी येतील.