न्यायसभेंतील हास्य

कायद्यापुढें सर्व माणसें सारखीं, हें तत्त्व उच्चारण्यास जितकें सोपें तितकेंच प्रत्यक्ष प्रसंगीं पारखून पाहण्यास अवघड असतें. मार्लेन गॉरिस या डच दिग्दर्शिकेनें आपल्या पहिल्याच चित्रपटांत त्या अवघड जागीं बोट ठेविलें. पुढें १९९६ सालीं त्यांच्या ‘अँटोनिया’ला परभाषीय चित्रपटासाठीं असलेलें ऑस्कर पारितोषिक मिळालें. स्त्रीनें दिग्दर्शित केलेल्या चित्रपटास या विभागांत हा मान प्रथमच लाभला. गॉरिसबाईंचा लौकिक त्या पारितोषिकामुळें झाला हें खरें. परंतु त्यांच्या कीर्तीचा भक्कम आधार त्याहून चौदा वर्षांनीं जुना आहे, असें मला वाटतें.

त्यांचा जन्म १९४८ सालीं रुरमोंड येथें झाला. नाट्यशास्त्राचा अभ्यास त्यांनीं अॅम्स्टरडॅम व बर्मिंगहॅम येथें केला. १९८२ सालीं स्वतःच्याच पटकथेवरून त्यांनीं काढलेल्या पहिल्या चित्रपटाचें नांव मराठींत ‘क्रिस्टीन एम.भोंवतालचें मौन’ असें सांगतां येईल. एक गृहिणी, एक उपाहारगृहांतील नोकर व एक चिटणीस अशा तीन स्त्रिया कपड्यांच्या दुकानांत योगायोगानें एकत्र येतात. एकमेकींची ओळखदेखील नाहीं. गृहिणीनें उचललेला कपडा दुकानदार परत मागतो, आणि त्या तिघी मिळून त्याचा जीव घेतात. त्यांचें डोकें ठिकाणावर आहे किंवा नाहीं हें ठरविण्यासाठीं न्यायालय एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची नेमणूक करतें. त्या वेडसर ठराव्या अशीच सर्वांची अपेक्षा असते. कारण वेड म्हटलें कीं पुढें कांहीं विचारावयास नको. परंतु तज्ज्ञ बाई निर्वाळा देतात कीं, या तिघीही शहाण्या आहेत.

हा निर्वाळा पटावा म्हणून दिग्दर्शिकेनें मोठमोठे अत्याचार दाखविलेले नाहींत, हें विशेष. कचेरींतील एका बैठकींत चिटणीसबाई विचारपूर्वक एक मुद्दा मांडतात. तो कोणाच्या कानांपर्यंत पोंचत नाहीं. थोड्या वेळानें तोच मुद्दा एक पुरुष मांडतो आणि त्याची वाहवा होते. त्या कपांतील चमचा ढवळीत बसतात, तों वरिष्ठ गृहस्थ त्यांच्या हातावर हात ठेवून तो चाळा थांबवितात. एवढेंच! अशा लहान लहान अपमानांची बेरीज किती होते, हें हिशेबाच्या कोणत्याही वहींत लिहिलेलें नसतें. गृहिणीनें तर बोलणेंच सोडून दिलें आहे. कारण तिचें बोलणें कधीं कोणीं ऐकिलेंच नव्हतें.

अखेरीस खटला उभा राहतो. सरकारी वकील गंभीरपणें सांगतात कीं, तीन पुरुषांनीं एखाद्या दुकानदारणीस मारिलें असतें तरी या खटल्यांत कांहीं फरक पडला नसता. त्यावर एकीला हंसूं फुटतें. मग दुसरीला, तिसरीला, घडलेलें सारें पाहूनही मूक राहिलेल्या चार अनोळखी स्त्रियांना, आणि शेवटीं तज्ज्ञ बाईंनाही. भरतमुनींनीं शृंगारापासून हास्य व रौद्रापासून करुण उत्पन्न होतो असें सांगितलें आहे. येथें रौद्राच्याच पोटीं हास्य जन्मास आलें आहे! आरोपी स्त्रियांना बाहेर नेण्यांत येतें, काम पुढें चालूं राहतें, आणि निकाल न सांगतांच चित्रपट संपतो. द्रौपदीच्या प्रश्नापुढें भीष्मासारख्या धर्मज्ञालाही धर्माची गति सूक्ष्म म्हणून स्वस्थ बसावें लागलें. त्या सभेची येथें आठवण होते.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतां येईल, व तो क्षुल्लक नव्हे. जो मारला गेला, तो दुकानदार माणूस म्हणून आपल्यासमोर येतच नाहीं. तो केवळ प्रतीक उरतो. एका समाजाच्या पापाचें ओझें एकाच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे. तथापि दिग्दर्शिकेनें सुटकेची मागणी केलेली नाहीं. निकाल देण्यापूर्वीं ऐकून घ्या, एवढीच तिची मागणी आहे. १९८४ सालच्या ‘भंगलेले आरसे’ या दुसऱ्या चित्रपटांत वेश्यागृह आणि बंदिवान गृहिणी यांच्या दोन कथा जोडून तेंच दुःख अधिक काळोखांत नेलें आहे.

१९९५ च्या ‘अँटोनिया’पर्यंत पोंचतांना मात्र वारें पालटतें. महायुद्धानंतर अँटोनिया मुलीसह आपल्या गांवीं परत येते व शेत कसूं लागते. एक विधुर शेतकरी तिला मागणी घालतो, कारण त्याच्या मुलांना आई हवी असते. तिला मात्र त्याच्या मुलांची गरज नसते! तिच्या पंक्तीला एकाकी, अडाणी, विद्वान असे सारेच हळूहळू येऊन बसतात. वृद्ध तत्त्वचिंतकाची निराशा आणि अँटोनियानें मृत्यूस शांतपणें सामोरें जाणें हीं चित्रें मनांतून जात नाहींत. परंतु येथेंही एक पुरुष मारला जातो. तो बलात्कारी असतो. भाऊच त्याला विहिरींत बुडवितो. न्यायालय नाहीं, साक्षीदार नाहींत, प्रश्नही नाहीं. दुसऱ्या दिवशीं शेतीचें काम चालूं! ज्या प्रश्नापुढें पहिला चित्रपट थबकला, तो येथें परस्पर मिटविला आहे. पारितोषिक या समाधानाला मिळालें, त्या अस्वस्थतेला नव्हे.

त्यानंतर गॉरिसबाईंनीं प्राधान्यें दुसऱ्यांच्या पटकथा हातीं घेतल्या. व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीवरील १९९७ चा ‘मिसेस डॅलोवे’ हा नीटस व संयमी आहे. २००० सालच्या ‘द लूझिन डिफेन्स’मध्यें नाबोकोव्हचा बुद्धिबळपटू आत्मघात करतो; पण अर्धवट राहिलेला डाव त्याची प्रेयसी त्याच्या टिपणांवरून जिंकते. हा शेवट कादंबरींत नाहीं. येथेंही प्रश्नाच्या जागीं समाधान आलें.

वय वाढतें तसा राग निवतो, आणि कलावंतानें जन्मभर रागावलेलेंच असावें असा हट्ट कोणीं धरूं नये. पण ‘अँटोनिया’ पाहून मन प्रसन्न होतें आणि आपण शांतपणें झोपीं जातों. त्या न्यायालयांतील हास्य ऐकल्यावर मात्र घरांतील पुरुषमाणसाला, आज आपल्या पत्नीचें वा मुलीचें कोणतें बोलणें आपण ऐकिलें नाहीं, असा विचार करावा लागतो. ज्या कलाकृतीनें असा विचार करावयास लाविलें, तिचें ऋण अधिक मानिलें पाहिजे.