डोंगर कोणाचा? स्की रिसॉर्टवरचे स्वस्त विनोदी चित्रपट

या मालेत ॲरिस्टॉटल झाला, बर्गसाँ झाला, भरतमुनी झाले, आणि आज एकदम स्की रिसॉर्टवरचे विनोदी चित्रपट! एका जुन्या विद्यार्थ्याने ईमेलवर विचारलंच, "सर, हे काय काढलंत मध्येच?" त्याला आम्ही कळवलं ते इथेही सांगतो. हास्याचा सिद्धान्त थोर कलाकृतींना लागू पडतो यात नवल नाही, तो त्यांच्यावरूनच बेतलेला असतो. त्याची खरी परीक्षा घ्यायची तर कमी पैशांत, घाईघाईने केलेला, समीक्षकांनी झिडकारलेला आणि तरीही लोकांनी चाळीस-चाळीस वर्षं सांभाळून ठेवलेला माल घ्यावा. असा माल अमेरिकेत १९६५पासून निघत आला आहे. 'स्की पार्टी' (१९६५), 'हॉट डॉग... द मूव्ही' (१९८४), 'स्की स्कूल' आणि 'स्की पट्रोल' (दोन्ही १९९०), 'आउट कोल्ड' (२००१). दर्जा म्हणाल तर यातला एकही चित्रपट आम्ही थोर म्हणणार नाही. पण लोक ते पुन्हा पुन्हा का पाहतात, हा प्रश्न मात्र आम्हाला थोर वाटतो.

साचा सगळ्यांचा जवळजवळ एकच. बर्फाचा डोंगर, पायथ्याशी एक लाकडी लॉज, तिथे हंगामापुरते राबणारे किंवा नुसतेच पडून असलेले तरुण. समोर एक गर्विष्ठ, उत्तम कपड्यांतला प्रतिस्पर्धी. मध्ये पार्ट्या, चहाटळपणा, मुलींच्या मागे लागणं. शेवटी डोंगरावरून एक शर्यत, आणि तीत टवाळांची टोळी जिंकते. गोष्ट एवढीच. 'हॉट डॉग'मध्ये आयडाहोचा हार्किन नावाचा साधा मुलगा कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीला येतो, तिथे रूडी नावाच्या ऑस्ट्रियन विजेत्याशी त्याची गाठ पडते. पुढे काय होणार हे पाचव्या मिनिटाला कळतं. तरी आपण बसतोच.

पहिलं कारण अगदी प्राथमिक आहे. पडणं. ॲरिस्टॉटलने हास्यास्पदाचं लक्षण सांगताना एक अट घातली आहे: व्यंग असावं, पण वेदना नसावी, नाश नसावा. रस्त्यावर म्हातारा पडला तर हसणाऱ्याला लाज वाटते. बर्फावर मात्र निसर्गानेच ॲरिस्टॉटलची अट पुरी करून ठेवलेली आहे. माणूस पन्नास फूट गडगडत जातो, पांढरा होऊन उठतो, टोपी शोधतो. प्रत्यक्ष स्कीइंगमध्ये हाडं मोडतात, माणसं मरतात, हे खरं. पडद्यावरचा बर्फ मात्र गादीसारखा वाटतो, आणि त्या वाटण्यावरच सगळा धंदा चालतो.

बर्गसाँचं काय? १९००च्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येतं. आता स्कीचे बूट घातलेला माणूस सपाट जमिनीवर चालताना आठवून पाहा. घोटा वळत नाही, टाच आपटते, खांद्यावरच्या फळ्या शेजाऱ्याच्या डोक्यात जातात. कळसूत्री बाहुलीच! इथवर बर्गसाँ शंभर टक्के खरा. पण तोच माणूस उताराला लागला की उलटं होतं. त्याच बुटांनी, त्याच फळ्यांनी तो पाण्यासारखा वाहू लागतो. यंत्रामुळे बेंगरूळ झालेला देह यंत्रामुळेच देखणा होतो. हे बर्गसाँच्या हिशोबात नाही. आमच्या मते या चित्रपटांची खरी गोडी इथे आहे. खाली लॉजमध्ये जो विदूषक, तोच वर डोंगरावर कसलेला कलावंत. आणि जो खाली रुबाबदार, त्याचा वर कस लागतो.

आता पैशांची गोष्ट. स्वस्त चित्रपटाची भिंत पुठ्ठ्याची असते, ती कळते. बर्फाचा उतार पुठ्ठ्याचा करता येत नाही. तिथे जावं लागतं, आणि खरोखर स्की करणारी माणसं आणावी लागतात. 'हॉट डॉग'चा लेखक माइक मार्विन मुळात स्कीपट करणाराच माणूस. म्हणून त्या चित्रपटात एक गंमत होते. संवाद खोटे, प्रेम खोटं, भांडण खोटं, आणि पटकन उडी आली की ती मात्र खरी! हवेत गिरकी घेणारा देह खरा. नटाच्या जागी दुसराच माणूस उडतो आहे हे दिसतं, पण कोणीतरी उडतो आहे हेही दिसतं. आज संगणकावर तयार केलेल्या हिमकड्यांपुढे बसून आपल्याला नेमकं हेच मिळत नाही.

त्या चित्रपटात स्की बॅले दिसतो. म्हणजे काय, तर संगीताच्या तालावर, हातातल्या काठ्यांच्या आधाराने कोलांट्या घेत केलेलं बर्फावरचं नृत्य. हा प्रकार १९८८ आणि १९९२च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिकापुरता आला, पदकाचा खेळ कधीच झाला नाही, आणि पुढे स्पर्धांतूनही गेला. आज तो पाहायचा तर अशा 'टुकार' चित्रपटाकडेच यावं लागतं. टुकार चित्रपट कधी कधी दप्तरखान्याचं काम करतात, बरं का!

पण बॅलेपेक्षा महत्त्वाचं आहे ते गुणांचं प्रकरण. 'हॉट डॉग' म्हणजे बर्फावर कसरती करून मिरवणारा. सत्तरच्या दशकात हा मोकाट पोरांचा खेळ होता. १९७९ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली, म्हणजे पंच आले, नियम आले, गुणपत्रिका आली. १९९२ला उंचवट्यांवरचं स्कीइंग आणि १९९४ला हवेतल्या उड्या ऑलिम्पिक पदकांत जमा झाल्या. १९८४चा हा चित्रपट बरोबर मधल्या काळातला. त्यात पंच नायकावर अन्याय करतात. मग तोड काय? तक्रार अर्ज नाही, फेरतपासणी नाही. सगळ्यांनी एकाच वेळी माथ्यावरून सुटायचं, नियम शून्य, खाली पहिला पोचेल तो खरा. गुण देणारा मधला माणूसच काढून टाकायचा! आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे या कल्पनेचं आकर्षण आम्हाला जरा जास्तच समजतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या चित्रपटांतला खलनायक पाहा. 'हॉट डॉग'मध्ये तो खेळाडू आहे. पण डिस्नीच्या 'स्नोबॉल एक्स्प्रेस'मध्ये (१९७२, हा काही स्वस्तातला नव्हे, पण गोत्रातला) न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतल्या नोकरदाराला कोलोराडोतलं मोडकळीला आलेलं हॉटेल वारशाने मिळतं, आणि त्यावर डोळा असतो सावकाराचा, म्हणजे बँकवाल्याचा. 'स्की पट्रोल'मध्ये म्हाताऱ्या, प्रेमळ मालकाचा डोंगर एक बिल्डर बळकावू पाहतो, आणि बचाव करतात ते गस्तीपथकातले वल्ली. 'आउट कोल्ड'मध्ये अलास्कातला डोंगर, संस्थापक वारलेला, मुलगा विकायला निघालेला, आणि विकत घेणाऱ्याला तिथे श्रीमंतांसाठी गुळगुळीत रिसॉर्ट करायचं असतं. म्हणजे थट्टा चालली असताना मागे एक प्रश्न सतत उभा आहे: डोंगर कोणाचा? ज्याच्या नावावर कागद आहे त्याचा, की ज्याला त्यातली प्रत्येक खाच ठाऊक आहे त्याचा?

हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे कितीतरी स्की-उतार सरकारी वनखात्याच्या, म्हणजे लोकांच्या जमिनीवर आहेत. कंपनीकडे असतो तो परवाना आणि लिफ्ट. आणि लिफ्ट ही काय चीज आहे? १९३६ साली युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहोत सन व्हॅली उभारली, तेव्हा त्यांच्या जेम्स करन नावाच्या अभियंत्याला खुर्च्यांची लिफ्ट सुचली ती जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. केळ्यांच्या जागी गिऱ्हाइकं टांगली, आणि डोंगराचं तिकीट लागलं.

चित्रपटांत टोळी दर वेळी डोंगर वाचवते. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. 'हॉट डॉग'चं स्क्वॉ व्हॅली, जिथे १९६०चं हिवाळी ऑलिम्पिक झालं, ते आज अल्टेरा या बड्या कंपनीच्या ताब्यात आहे. २०२१ला त्याचं नाव बदलून पॅलिसेड्स टाहो झालं, कारण जुन्या नावातला शब्द आदिवासी स्त्रियांची अवहेलना करणारा होता. बदल योग्यच. दुसरी बडी कंपनी व्हेल रिसॉर्ट्स. तिच्या व्हेलच्या डोंगरावर गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं तिकीट ३०० डॉलरच्या पुढे गेलं आहे. आणि याच कंपनीच्या युटामधल्या पार्क सिटीत, २०२४च्या नाताळच्या सुट्टीत, गस्तीपथकाने खरोखरचा संप केला. सुमारे बारा दिवस चालला. भांडण कशासाठी? मूळ पगार तासाला २१ डॉलरवरून २३ व्हावा यासाठी. मोजक्याच लिफ्ट चालू, खाली लांबलचक रांगा, चिडलेली गिऱ्हाइकं. शेवटी ती वाढ मिळाली. 'स्की पट्रोल'मध्ये हे सगळं नव्वद मिनिटांत मिटतं. इथे करार, युनियन, वाटाघाटी. म्हणून कोणी या चित्रपटांना पलायन म्हणेल. आम्ही थोडं वेगळं म्हणू. तक्रार त्यांनी अचूक हेरली होती, इलाज तेवढा परीकथेतला दिला.

दोष झाकून चालणार नाही. शेवटच्या त्या बिननियमाच्या शर्यतीला 'हॉट डॉग'मध्ये 'चायनीज डाउनहिल' म्हणतात. गोंधळ म्हणजे चिनी, हा त्यातला हिशोब. जपानी स्पर्धकाचं पात्र तर व्यंगचित्रच आहे. बायका बहुतेक ठिकाणी कपडे उतरवण्यापुरत्या. आमच्या शास्त्रात शृंगाराच्या नकलेतून हास्य निपजतं असं मानलं आहे, पण इथे पुष्कळदा शृंगारही नाही आणि नक्कलही नाही, नुसती वखवख आहे. तेवढा भाग आम्ही पुढे ढकलून पाहतो. तुम्हीही ढकला. आणि एक खोटेपणा अधिक बारीक आहे. ही 'फाटकी' पोरं फाटकी कशी? स्की, बूट, लिफ्टचा पास, हे परवडणारी गरिबी आहे. डोंगर कोणाचा, या प्रश्नात पहिला हक्क ज्या मूळ रहिवाशांचा, ते तर चौकटीतच येत नाहीत.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत आवडतो तो मात्र अमेरिकन नाही. पात्रिस लकाँत या दिग्दर्शकाचा 'ले ब्राँझे फाँ द्यू स्की' (१९७९), 'स्प्लँदिद' या नाटकमंडळीबरोबर केलेला, व्हाल-दिझेरला घडणारा. इथे नायक नाही, शर्यत नाही, जिंकणं नाही. आहेत ती मुख्यतः गिऱ्हाइकं, आपल्यासारखी मध्यमवर्गीय, सुट्टीचे पैसे वसूल करायला आलेली. मिशेल ब्लाँने केलेला ज्याँ-क्लोद दूस एकटाच लिफ्टवर अडकतो. लिफ्ट बंद, अंधार पडलेला, आणि हा खुर्चीत लोंबकळत स्वतःला धीर देण्यासाठी गातो आहे. करनच्या त्या केळ्याच्या यंत्राचं याहून नेमकं चित्र आम्ही पाहिलेलं नाही. पुढे मंडळी वाट चुकतात, डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरी पोचतात, आणि ते यजमान त्यांना आत बेडूक असलेल्या बाटलीतली दारू पाजतात. रिसॉर्टच्या आधी डोंगरावर राहणारे लोक एकदाचे पडद्यावर आले, आणि त्यांचा पाहुणचार शहरी माणसाला सोसवेना! तोपर्यंत आपण गावठी माणसाला हसणार असं वाटत असतं. हसतो मात्र पाहुण्यांच्या चेहऱ्यांना.

आपल्याकडे बर्फ आला तो गाण्यासाठी. 'जंगली'त (१९६१) शम्मी कपूर बर्फात लोळला, आणि पुढे किती नायिका पातळ साड्यांत गारठल्या. पण त्या बर्फावर कोणी नोकरी करताना दिसत नाही. ना लिफ्ट चालवणारा, ना वाट साफ करणारा. स्वस्तातल्या अमेरिकन चित्रपटांत तो दिसतो, आणि गोष्टच त्याची असते. एवढा फरक आम्हाला पुरेसा वाटतो.

'हॉट टब टाइम मशीन' (२०१०) हा अलीकडचा नमुना. तिघे उतारवयाकडे झुकलेले मित्र आणि एक भाचा तरुणपणीच्या स्की-गावात परत येतात, तर गाव ओस पडत चाललेलं. मग गरम पाण्याच्या टबातून ते थेट १९८६ला पोचतात, जिथे लॉज भरलेलं आहे. म्हणजे पूर्वी डोंगर वाचवायला एक शर्यत पुरत होती. आता त्यासाठी काळच मागे न्यावा लागतो.

वेळ संपत आली आहे. मागे कोणीतरी हात वर केला आहे, तिथून सुरुवात करू या.