चाळ पडते, जात कुठे जाते?

चाळ पाडायला घेतली की मराठी लेखकाला उमाळा येतो. गॅलरी, वाटीभर साखर, शेजारधर्म! पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) हसवता हसवता शेवटी हळवी होते. पुढच्या कित्येकांनी तेवढा हळवेपणाच उचलला. दुसरीकडे सरकारी जाहिरात ओरडते : १६० फुटांतून ५०० फुटांत! या दोन्ही भाषा एकच गोष्ट गाळतात. जात.

दोस्तहो, वरळीच्या बी.डी.डी. चाळी घ्या. १९२० नंतर इंग्रज सरकारने बांधलेल्या १२१ इमारती. खोली १६० फुटांची, संडास सगळ्यांत मिळून. बौद्धांची वस्ती बरीचशी ठराविक इमारतींत, सवर्णांची दुसरीकडे. शेजारधर्म होता, पण इमारत बघून. ५ जानेवारी १९७४ला पँथरच्या सभेवरून इथे दंगल पेटली. पुढे १० जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव मारला गेला. हे वगळून चाळीच्या आठवणी लिहिणारा लेखक कुणाची चाळ लिहितो?

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घराच्या चाव्या मिळाल्या. मजले चाळीस, संडास घरात. यावर नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगणं : जी बाई जन्मभर डबा घेऊन रांगेत उभी राहिली, तिला 'सामूहिक जीवन हरपलं' म्हणून शिकवायला जाऊ नका. तिचा आनंद खरा आहे. तो आपल्या कथेत आला पाहिजे.

पण त्या आनंदापाशी थांबलात तर तुम्हीपण जाहिरातच लिहिली. घरं सोडतीने वाटली. कोण कुणाच्या शेजारी, ते चिठ्ठीने ठरलं. म्हणजे जुन्या इमारतींतली आपली एकगठ्ठा वस्ती विखुरणार. जात मोडायची तर हे व्हायलाच हवं. पण जयंती, विहार, मैदानातली सभा, मारामारीच्या रात्री पाठीशी उभी राहणारी माणसं, हे सगळं त्याच वस्तीच्या बळावर चाललं. एका बाजूने बेडी सुटते, दुसऱ्या बाजूने मूठ सुटते. रहिवाशाच्या पोटातली ही ओढाताण अजून कुणी लिहिलीय?

बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत खोली आणि जात यांचा संबंध उघडा पाडला. खोली हवी तर जात लपवा, उघडी पडली तर मार खा. आज खोली हक्काची आहे. मग जात कुठे जाऊन बसेल? सोसायटीच्या कमिटीत? जयंतीला हॉल द्यायचा की नाही, या ठरावात? फ्लॅट भाड्याने कुणाला द्यायचा, या कुजबुजीत?

तरुण लेखकांनो, चाळीवर शोकगीतं पुष्कळ झाली. आता लिफ्टमध्ये शिरा. सोसायटीच्या मीटिंगला बसा. तिथे कोण बोलतं, कोण गप्प बसतं, ते नावनिशीवार टिपा. पुढची दलित कथा तिथे आहे.