‘हे वाच’ म्हणणारी माणसं

आपल्या मंडळात नाटकं बसतात, ढोल-ताशाचं पथक वाजतं, दिवाळीला गाण्याची मैफल रंगते. या कलांचं कौतुक स्मरणिकेत होतं आणि ते व्हायलाच हवं. यंदा मला वेगळ्या एका कलेविषयी लिहायचं आहे. तिला रंगमंच लागत नाही, तालमी लागत नाहीत आणि तिचे कलावंत स्वतःला कलावंत म्हणवूनही घेत नाहीत. योग्य पुस्तक योग्य माणसाच्या हाती, योग्य वेळी देणं ही ती कला. न्यू जर्सीतल्या आपल्या घरांमध्ये मराठी पुस्तकं आजही वाचली जातात, याचं मोठं श्रेय ही कला जाणणाऱ्या माणसांना आहे.

महाराष्ट्रात हे काम अनेक जण मिळून करतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला विक्रेता गिऱ्हाईक ओळखून पुस्तक पुढे करतो. वाचनालयाच्या खिडकीतल्या बाई वर्गणीदाराचा चेहरा पाहून सांगतात, “ते नको, हे न्या, कालच परत आलंय.” ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. अशा संस्थांच्या आधारानं तिथल्या कित्येक पिढ्यांची आवड घडली. शिवाय वर्तमानपत्रातलं परीक्षण असतं, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या हातातलं मुखपृष्ठ असतं. इथे यातलं काहीच नाही. आपल्या गावच्या दुकानात मराठी पुस्तक मांडलेलं दिसत नाही, म्हणून ते सहज चाळताही येत नाही. कुणीतरी सांगितलं तरच ते आपल्यापर्यंत पोहोचतं. विक्रेता, ग्रंथपाल आणि परीक्षक या तिघांचं काम इथे एका वाचक शेजाऱ्याला करावं लागतं.

ही पुस्तकं इथवर कशी आली, हेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक आली ती आपल्या सामानातून. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, आईनं दिलेलं लोणचं, मुलांचे कपडे आणि उरलेल्या जागेत पुस्तकं. वजनकाट्यासमोर प्रत्येक पुस्तकाला आपली बाजू मांडावी लागते. म्हणूनच आपल्या कपाटांत योगायोगानं आलेली पुस्तकं कमी. बहुतेकांच्या पाठीशी कुणाचा तरी निर्णय आहे, कुणाचा तरी आग्रह आहे.

दुसरी वाट फार जणांना ठाऊक नाही. साठच्या दशकात पीएल ४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारतात येत होता. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला तो नक्की आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकते करत असे. १९६२पासून त्याच रुपयांतला काही भाग भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेण्यासाठी वापरला गेला आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या योजनेतून अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांत पोहोचली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. महाराष्ट्रातही सहज न मिळणारी एखादी जुनी आवृत्ती इथल्या विद्यापीठाच्या कपाटात सापडते, ती यामुळे. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातून आंतर-ग्रंथालय देवघेवीचा अर्ज केला, तर अशी पुस्तकं पुष्कळदा मागवता येतात. पण अर्ज करण्यासाठी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव माहीत हवं, आणि ते सांगणारं माणूस हवं.

तिसरी वाट ग्रंथपेटीची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. एका पेटीत पंचवीस पुस्तकं. ती पेटी एखाद्या वसाहतीत, कार्यालयात किंवा वाचकगटात काही महिने राहते आणि मग शेजारच्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. प्रत्येक पेटीतली पुस्तकं वेगळी, त्यामुळे पेट्या फिरत राहिल्या की वाचकाला सतत नवं काही मिळत राहतं. लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या या पेट्या पुढे दुबई, नेदरलँड्स, टोकियो, अटलांटा अशा दूरदूरच्या ठिकाणी मराठी माणसांच्या घरी गेल्या.

पेट्यांच्या या प्रवासाला जुना इतिहास आहे आणि त्यात आपल्या दोन्ही भूमी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्युई यांनी फिरती ग्रंथालयं सुरू केली होती. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेच्या प्रवासात इथली वाचनालयं पाहिली आणि १९१० साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतलं. त्यानंतर बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालयं निघाली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. एका मराठी राजानं आपल्या या परिसरातून पुस्तकांची पेटी तिकडे नेली आणि शंभर वर्षांनी मराठी पुस्तकांची पेटी तिकडून अमेरिकेत आली. एका मोठ्या देवघेवीचे आपण वारसदार आहोत, हे मंडळाच्या प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवं.

पण पेटी आली, बॅग आली, अर्ज भरला, तरी पुस्तक उघडलं जातंच असं नाही. ते उघडतं माणसाच्या शब्दानं. खरी कला आहे ती इथे.

गाजलेल्या दहा कादंबऱ्यांची नावं कुणीही देईल. यादी देणं वेगळं आणि पुस्तक सुचवणं वेगळं. सुचवणाऱ्याला दोन गोष्टी वाचता याव्या लागतात, पुस्तक आणि समोरचा माणूस. आपल्या मंडळाच्या वाचनबैठकीतल्या एक ज्येष्ठ काकू यात फार तरबेज आहेत. नव्यानं आलेल्या मुलीला त्या आधी चहा देतात, मग बोलतं करतात. शाळेत काय आवडायचं, सध्या झोप लागते का, घरी कुणाशी मराठीत बोलतेस, असे साधे प्रश्न असतात. पुस्तकाचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. आणि तेव्हा त्या गोष्ट सांगत नाहीत, एवढंच म्हणतात, “तुला हे आत्ता हवं आहे. पहिली तीस पानं वाच, मग मला फोन कर.”

बांधकाम कंपनीत नोकरी करणाऱ्या, साहेबाशी तत्त्वावरून वाद झालेल्या तरुणाला प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ द्यावं. हिमालयात रस्ता बांधणारा विश्वनाथ त्याला लगेच आपला वाटतो, कारण नियम आणि विवेक यांत निवड करण्याची वेळ दोघांवरही आलेली असते. देश सोडून आलेल्या, परतीच्या प्रश्नानं बेचैन असलेल्या माणसाच्या हाती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ठेवावी. १९३९ सालची ही छोटीशी कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. बेघर होणं म्हणजे काय, हे तिच्याइतक्या थोड्या पानांत मराठीत क्वचितच कुणी सांगितलं असेल. मराठी वाचायची सवय सुटलेल्यांसाठी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’सारखं दार नाही. वाक्यं लहान, पानं मोजकी, आणि मेंढरांच्या गावात पोचलेल्या कोवळ्या वयाच्या मास्तराबरोबर आपणही नव्या मुलखात पाऊल टाकतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र मोठ्यानं वाचण्यासाठी सुचवावीत. दृष्टी अधू झालेल्या आजीआजोबांना ती वाचून दाखवताना शेजारी बसलेली नातवंडं कधी हसू लागतात, ते कळतही नाही.

काही पुस्तकं तर इथे राहणाऱ्या मराठी माणसानं वाचावीत म्हणूनच लिहिली गेली असावीत, असं वाटतं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या वाचकांना या पुस्तकानं माहीत करून दिलं. इथल्या शाळेत आपल्या मुलाला कार्व्हरवर प्रकल्प करायला सांगतात, तेव्हा आईवडिलांना त्या माणसाविषयी जिव्हाळ्यानं बोलता येतं, ते या मराठी पुस्तकामुळे. मिसुरीतल्या डायमंड गावी कार्व्हरांच्या जन्मस्थळाचं राष्ट्रीय स्मारक आहे, अलाबामात टस्कीगीला त्यांचं संग्रहालय आहे. सुट्टीत तिकडे जायचं तर हे पुस्तक आधी वाचून जावं. मार्जरी रॉलिंग्जच्या फ्लोरिडातल्या रानातली ज्योडी आणि हरणाच्या पिल्लाची गोष्ट राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावानं अशी मराठीत आणली, की ते रान आपल्याच गावामागचं वाटावं.

आणि न्यू जर्सीच्या मराठी माणसाला हमखास द्यावं असं पुस्तक म्हणजे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’. आधी ही कादंबरी, मग अंजली कीर्तने यांचं संशोधनातून उभं राहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र, अशा क्रमानं द्यावं. कारण या कथेतलं एक ठिकाण आपल्या शेजारी आहे. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई एकदा दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या होत्या. तिथे एका नियतकालिकाच्या जुन्या अंकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचं, पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी जोडप्याला पत्र लिहिलं. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या या बाईंच्या आधारानं, आणि पहिल्यांदा राहिल्या त्या रोझेलला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. पुस्तक वाचून झाल्यावर आपल्यातली कितीतरी कुटुंबं तिथे जाऊन आली आहेत. एक पान योग्य माणसाच्या नजरेला पडलं की काय घडू शकतं, याचा याहून मोठा दाखला आपल्याला दुसरीकडे शोधायला नको.

आपल्या वाचनबैठकीनं या कलेला शिस्त दिली, याचं मला फार अप्रूप आहे. सध्या काय वाचतो आहोत, हे प्रत्येकानं थोडक्यात सांगायचं. शेवट सांगायचा नाही. पुस्तक कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे मात्र सांगायचं. आवडलं नसेल तर तेही कारणासह सांगायचं. नेलेल्या पुस्तकाची नोंद वहीत करायची आणि परत करताना त्याविषयी दोन वाक्यं तरी बोलायची. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुस्तक देणाऱ्यानं आपल्या मनाचा एक कोपरा दाखवलेला असतो. “आवडलं हो” एवढ्यावर ते परत करणं म्हणजे त्या विश्वासाला उत्तरच न देणं. “मला नायिकेचा राग आला, पण झोप उडाली,” असं कुणी म्हणालं की पुढचा तास गप्पांत जातो आणि पुढच्या पुस्तकाचं नाव त्या गप्पांतूनच निघतं.

आता किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात, स्टोरीटेलवर ती ऐकता येतात. गाडी चालवत कामावर जाणाऱ्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. त्यानं ही कला मागे पडेल, असं मला मुळीच वाटत नाही. उलट, निवडायला जितकं जास्त, तितकी ओळखीच्या माणसाच्या शब्दाची गरज जास्त. यंत्र आपण आधी जे वाचलं त्याच्यासारखंच पुढे करतं. आपल्याला अजून न सुचलेलं, पण मानवणारं पुस्तक माणूसच पुढे करतो, कारण गेल्या महिन्यात आपल्या घरी काय घडलं, हे त्याला माहीत असतं.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साठ-सत्तरच्या दशकात आलेली आपली ज्येष्ठ मंडळी आता मोठी घरं सोडून लहान घरांत किंवा मुलांजवळ राहायला जात आहेत. त्यांच्या तळघरांत आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आहेत. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्या मुलांपुढे प्रश्न उभा राहतो की याचं करायचं काय. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. पुस्तकं खोक्यांत भरण्याआधी बैठकीतल्या दोघांतिघांना घरी बोलवा. प्रत्येक आवडत्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा, हे कुणी वाचावं आणि का. आणि मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना त्या दिवशी मदतीला घ्या. काका-काकू एखादं पुस्तक हातात घेऊन त्याच्याविषयी कसं बोलतात, हे त्यांना ऐकू द्या. अक्षरं शाळेत शिकता येतील, पुस्तकाविषयी बोलणं असं जवळ बसूनच शिकावं लागतं.

गेली कित्येक वर्षं ज्यांनी आपल्या बॅगेतली जागा पुस्तकांना दिली, बर्फातून गाडी काढून ती दुसऱ्याच्या घरी पोहोचवली आणि नंतर आठवणीनं फोन करून “कुठवर आलं?” असं विचारलं, त्या सगळ्या काकू, काका, ताई आणि दादांचे मंडळाच्या वतीनं मनापासून आभार. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं एक पुस्तक आणावं, स्वतःला सर्वांत आवडलेलं नव्हे, तर जमलेल्यांपैकी एका नेमक्या माणसासाठी निवडलेलं. आणि ते हातात देताना त्या माणसाला सांगावं की, तुझाच विचार करून हे आणलं आहे.