गालिच्यावरील पाणवठा

ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने १९९४ साली दिलेला गालिच्यांचा निकाल मी प्रथम वाचला तो वकील म्हणून, आणि नुकसानभरपाईच्या आकड्यापाशी थांबलो: सुमारे १,८८,००० डॉलर. दुसऱ्या वाचनात मात्र बांदुक मारिका या योलंगु चित्रकर्त्रीच्या कैफियतीपाशी थांबावे लागले.

त्यांच्या चित्रात घोरपड आहे आणि पवित्र पाणवठा आहे. कुळाचे आद्य पूर्वज जेथे उतरले त्या भूमीची ती कथा. हेच चित्र व्हिएतनाममध्ये गालिच्यावर विणले गेले आणि दिवाणखान्यांसाठी विक्रीस आले. कलाकारांना स्वामित्वशुल्क मिळते, असे गालिच्याच्या चिठ्ठीवर छापलेही होते! विचारले मात्र कोणालाच नव्हते. कुळाने जिची राखण सोपविली ती प्रतिमा परक्यांच्या पायाखाली जावी, हा त्यांच्या परंपरेत राखणदाराचाच अपराध ठरतो. नकळत घडला तरीही. चित्र काढण्याचा अधिकारसुद्धा त्यापायी जाऊ शकतो. पुस्तकाला पाय लागताच हात जोडणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगणे नको.

न्यायमूर्तींनी ही सांस्कृतिक हानी भरपाईत धरली, ही या निकालाची थोरवी. तरी तेथील १९६८ चा स्वामित्वहक्काचा कायदा व्यक्तीला ओळखतो, कुळाला नाही. आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी तोही डोळे मिटतो. राखणदारीला अशी मुदत नसते.

मग परवानगीने केलेला गालिचा निर्दोष मानावा काय? मी मानतो. अ‍ॅडलेडच्या बेटर वर्ल्ड आर्ट्स या संस्थेने आदिवासी चित्रकारांची चित्रे त्यांच्या संमतीने, मोबदला देऊन, काश्मिरी कारागिरांकडून साखळी टाक्यात भरून घेतली आहेत. उशांचे अभ्रे झाले, गालिचेही झाले. संमती मागितली म्हणजे कोणते चित्र जमिनीवर पसरावे आणि कोणते मुळीच देऊ नये, हे सांगण्यास चित्रकाराला वाव राहतो. परवान्याचे मोल मला पैशापेक्षा या नकाराच्या अधिकारात अधिक वाटते.

गृहसजावटीवरील लेखनाविषयी माझी तक्रार येथेच आहे. गेरूचा रंग, ठिपक्यांची नक्षी, भिंतीला येणारा उठाव यांचे वर्णन त्यात रसाळ असते. चित्रकाराचे नाव, त्याचे कुळ, त्याची भूमी यांचा बहुधा पत्ता नसतो. घेणाऱ्याने ही तिन्ही विचारावीत, आणि केवळ चिठ्ठीवर विसंबू नये. चिठ्ठी त्या गालिच्यांनाही होती.